त्या शेअर्सबद्दल घेतलेला निर्णय

तीर्थरूप बाबा आणि आई यांस साष्टांग नमस्कार.

बाबा, तुम्ही माझ्यावर सोपवलेल्या खात्यातील त्या जुन्या कंपनीचे निम्मे शेअर्स मी सोमवारी विकले. आधी विचारले नाही, याची टोचणी आहे; पण विचारले असते तर तुम्ही थांब म्हणाला असता आणि तुमचा शब्द मला मोडवला नसता.

हा निर्णय केवळ आलेख पाहून घेतलेला नाही. वार्षिक अहवाल तुम्ही शिकवलात तसाच, शेवटच्या टिपांपासून वाचला. नफा तीन वर्षे वाढलेला दिसतो, परंतु कामकाजातून येणारी रोकड त्याच काळात आटली आहे आणि ग्राहकांकडची येणी व कर्ज दोन्ही फुगले आहेत. पी/ई, म्हणजे एका शेअरमागच्या नफ्याच्या किती पट भाव आहे ते गुणोत्तर, कमी असल्यामुळे शेअर स्वस्त वाटतो खरा. मात्र पुढचा नफाच घटणार असेल, तर ती स्वस्ताई फसवी असते. तरीही विकायचे केव्हा, हे ताळेबंद सांगत नाही. त्यासाठी आलेख पाहिला. भाव मागच्या 200 दिवसांच्या बंद भावांच्या सरासरीखाली गेला होता, नंतरची प्रत्येक उसळी त्या सरासरीपाशीच अडली आणि पडत्या दिवशी शेअर्सची उलाढाल वाढत गेली. ताळेबंद भक्कम असता, तर केवळ सरासरी तुटली म्हणून मी एकही शेअर विकला नसता, कारण ती सरासरीची रेषा भावाच्या मागून चालते आणि पुष्कळदा हूल देते. निम्म्यावर आलेला भाव मूळ जागी यायला दुप्पट व्हावा लागतो. ती वाट तुम्हाला पाहायला लागू नये, एवढेच मनात होते.

आई, तू काळजी करू नकोस. दोन वर्षांचा घरखर्च आणि औषधपाणी मुदत ठेवीत वेगळे ठेवले आहे. बाजार कसाही असो, त्या पैशाला हात लागणार नाही.

बाबा, तुम्ही वर्तमानपत्रातले बंद भाव वाचायचात आणि मी चौकटीच्या कागदावर ठिपके जोडायचे, ते आठवते का? डोळे मिटू लागले की पेन्सिल तुम्हीच हळूच काढून घ्यायचात. सोमवारी तो आलेख पाहताना तेच कागद डोळ्यांपुढे होते.

आता मात्र ऐका. भाव आणखी पडला तरी खरेदीची सरासरी उतरवण्यासाठी नवे शेअर्स घेऊ नका, कोणाच्या फोनवरून काहीही विकत घेऊ नका आणि रक्तदाबाची गोळी घेतल्याशिवाय भाव पाहायला बसू नका. उरलेल्या निम्म्याचे काय करायचे, ते तिमाही निकाल आल्यावर तुमच्याशी बोलूनच ठरवू. रोकड सुधारली आणि भाव सरासरीवर टिकला, तर विकलेले शेअर्सही परत घेईन. निकालावर लाल पेन्सिलीच्या खुणा तेवढ्या करून ठेवा.

तुमची लेक