पुढचा ब्रेक लावू नको, हे सांगणं आता थांबवा

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

बाईकच्या अपघाताची बातमी आली की त्यात एक वाक्य ठरलेलं असतं, चालकाचं नियंत्रण सुटलं. नियंत्रण सुटलं म्हणजे त्या दोन सेकंदांत नेमकं काय झालं हे कुठेच येत नाही, मलाही कधी प्रश्न पडला नव्हता. पण आता वयाच्या ४३व्या वर्षी मी गिअरच्या मोटरसायकलचं पक्कं लायसन्स काढलं, पहिल्या टेस्टला नापास झाले, दुसऱ्या वेळी पास झाले, आणि या सगळ्यात एक गोष्ट अशी कळली की ती लिहिल्याशिवाय राहवत नाहीये.

मला गाडी शिकवली दादाने. मैदानात, मागून सीट धरून पळत. त्याने पहिल्याच दिवशी बजावलं, पुढचा ब्रेक लावू नको, पडशील. त्याला बाबांनी हेच सांगितलेलं. मी ज्यांना ज्यांना विचारलं त्या जवळजवळ सगळ्यांना कोणीतरी मोठ्या माणसाने मायेपोटीच हे सांगून ठेवलंय. त्यात तथ्य एवढंच की हँडल वळलेलं असताना किंवा वाळूवर, ओल्या रस्त्यावर पुढचा ब्रेक एकदम आवळला तर पुढचं चाक घसरतं आणि माणूस खाली येतो. तेवढ्यावरून आपण सरसकट नियमच करून टाकला.

मी आधी बिनगिअरच्या गाडीवर बरीच वर्षं काढली. तिथे मागचा ब्रेक डाव्या हाताला असतो. मोटरसायकलला डावीकडे क्लच, पुढचा ब्रेक उजव्या हाताला आणि मागचा उजव्या पायाखाली, हे डोक्याला माहीत असतं पण घाबरल्यावर डोक्याला विचारतंय कोण, हात जुन्या सवयीनेच चालतात. पहिल्या टेस्टला आठचा आकडा नीट निघाला, यू टर्नला पाय टेकला नाही, आणि मग सरळ पट्ट्यात स्पीड घेऊन इशारा मिळाल्यावर गाडी थांबवायची होती. इशारा झाला आणि माझ्या डाव्या हाताने क्लच दाबला, उजव्या पायाने मागचा ब्रेक दाणकन मारला, गाडीचं शेपूट आधी डावीकडे मग उजवीकडे गेलं आणि मी थांबायची जागा दाखवणाऱ्या शेवटच्या कोनच्याही (प्लास्टिकच्या शंकूच्याही) बऱ्याच पुढे जाऊन थांबले. टेस्ट घेणाऱ्यांनी मला चालत मागे नेऊन रस्ता दाखवला. मागच्या टायरचा काळा पट्टा, नागमोडी. म्हणाले, पुढच्या ब्रेकला तुमचा हातसुद्धा लागला नाही.

मला खरा राग आला तो मी ज्या क्लासला पैसे भरून जात होते त्याचा. तिथे रोज आठ काढून घेतला, खांबांमधून गाडी काढून घेतली, पण जोरात ब्रेक कसा लावायचा हे एकदाही शिकवलं नाही. विचारलं तर म्हणे, ते रस्त्यावर सवयीने येतं. नाही येत हो. रोजच्या रस्त्यावर आपण हळूहळूच थांबतो, जीव वाचवायची वेळ येते ती एकदाच आणि ती काही सरावासाठी येत नाही.

मग मी दुसऱ्या सरांकडे गेले, त्यांनी आठवडाभर आठला हातच लावू दिला नाही. सुक्या, सपाट जागेवर, गाडी सरळ, स्पीड २०, आणि फक्त ब्रेक. आवळायचा नाही, दाबत न्यायचा, हे त्यांचं वाक्य अजून कानात आहे. आधी लिव्हरची ढील संपेपर्यंत हलकं दाबायचं, मग गाडीचं नाक खाली बसतंय हे मनगटात जाणवतं, तेवढं जाणवलं की मग जोर वाढवायचा. ब्रेक लागल्यावर वजन पुढे येतं, पुढचं टायर रस्त्यावर दाबलं जातं आणि त्याची पकड वाढते, मागचं चाक हलकं होतं म्हणून ते लगेच लॉक होऊन, म्हणजे फिरायचं थांबून, घसरायला लागतं. म्हणजे जो ब्रेक आपण आयुष्यभर टाळला, थांबवायचं मोठं काम तोच करतो, मागचा जोडीला हलका. क्लच अगदी शेवटी, गुडघे टाकीला चिकटलेले, आणि नजर लांब समोर. नजर चाकाशी गेली की गाडी डुलते, हे मी स्वतः करून पाहिलंय. (मागच्या ब्रेकची खरी जागा हळू चालवताना, क्लच अर्धा दाबून यू टर्न घेताना, तिथे त्याच्याइतका आधार कशाचाच नाही.) २० वरून ३०, मग ४०. स्पीड दुप्पट झाला की ब्रेक लागल्यापासून थांबेपर्यंतचं अंतर चौपट होतं, आणि ६० च्या स्पीडला नुसतं दचकण्यात एक सेकंद गेला तरी गाडी जवळजवळ १७ मीटर पुढे गेलेली असते.

हे मी एकटीच म्हणत नाहीये. अमेरिकेत सदर्न कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या हॅरी हर्ट यांनी लॉस एंजेलिस भागातल्या ९०० मोटरसायकल अपघातांचा जागेवर जाऊन अभ्यास केला, १९८१ ला त्याचा अहवाल आला. त्यातले ९२ टक्के चालक स्वतःच किंवा घरच्यांकडून, मित्रांकडून गाडी शिकलेले. काहीतरी करायला हातात वेळ दोन सेकंदांपेक्षाही कमी, आणि तेवढ्यात बहुतेकांनी मागचं चाक लॉक करून घसरवलं, पुढचा ब्रेक पुरेसा लावलाच नाही. वाचताना माझा तो काळा पट्टाच डोळ्यांसमोर आला. ब्रिटनमध्ये २००९ पासून टेस्टचा एक वेगळा भाग मोकळ्या जागेत होतो, त्यात ताशी ५० किलोमीटरला अचानक थांबून दाखवावं लागतं आणि अडथळा चुकवूनही दाखवावा लागतो, ते जमलं तरच पुढे रस्त्यावरची टेस्ट. मला वाटतं जिथे जिथे टेस्ट नुसत्या आठवर संपते तिथे हे यायला हवं.

काहीजण म्हणतात आता गाडीत ब्रेकसाठी एबीएस नावाची यंत्रणा आलीय, काळजी कशाला. एबीएस चांगलंच आहे, असेल तर जरूर घ्या, पण ते चाक लॉक होऊ देत नाही एवढंच, तुमच्या हाताने ब्रेकच दाबला नाही तर ते काय करणार?

दुसऱ्या टेस्टला इशारा झाला तेव्हा मी विचार केलाच नाही, उजवा हात आपोआप मिटत गेला, नाक खाली बसलं, गाडी सरळ रेषेत कोनच्या आत थांबली. डावा पाय टेकला आणि मग हात थरथरायला लागले.

परवा दादाला मैदानात नेलं. तीस वर्षं गाडी चालवतोय तो. २० च्या स्पीडला पुढचा ब्रेक लावायला त्याला पहिल्यांदा धीर होईना, मग लावला, गाडी जागच्या जागी उभी. काही बोलला नाही, वळवून आणली आणि परत केलं, असं दहाबारा वेळा. त्याची मुलगी पुढच्या महिन्यात लर्निंग काढतेय, तिला ब्रेक मी शिकवायचा असं त्यानेच ठरवलंय.

तुम्हाला विनंती एवढीच की हे पत्र छापा, आणि तुमचे बातमीदार पुढच्या वेळी अपघाताच्या जागी गेले तर त्यांना रस्त्यावर टायरचा पट्टा आहे का आणि तो कोणत्या चाकाचा आहे एवढं विचारायला सांगा.

आपली,
एक वाचक