मास्तर, त्या मरून लॉटबद्दल थँक्यू

मास्तर,

हे खरं तर फोनवरच बोलणार होतो, पण फोनवर तुम्ही "बरं बरं, जेवलास का" म्हणून विषयच कापता, म्हणून लिहितोय आणि सगळ्यांना वाचू दे म्हणून उघडंच लिहितोय. तुम्ही रिटायर होऊन आठ महिने झाले, आणि आभार मानायचे राहिले ते दोन वर्षांपूर्वीच्या एका रात्रीचे.

सोलापूरची अक्कलकोट रोड एमआयडीसी, सेकंड शिफ्ट, टॉवेलचं कॉटन सूत, मरून शेड. मी बीएस्सी केमिस्ट्री पास होऊन नुकताच डाईंगला लागलेलो, खिशाला पेन लावून फिरायचो. बाथ ६० डिग्रीवर, रंग गेलेला, मीठ गेलेलं, आता सोडा (धुण्याचा, म्हणजे सोडियम कार्बोनेट) टाकून पीएच पावणेअकरा-अकराला न्यायचा एवढंच काम (७ म्हणजे न्यूट्रल, खाली आंबट, वर अल्कली). एक बादली विरघळवून टाकली, पीएचचा कागद बुडवला, हिरवा, म्हणजे ७ च्या आसपासच. दुसरी टाकली, हिरवाच. तिसरी टाकताना हेल्परला वर ज्ञान पण दिलं की मिठात सोडियम, सोड्यात सोडियम, कॉस्टिकमध्ये पण सोडियम, सगळं अल्कलीच्याच खानदानातलं, चढेल हळूहळू. खरं काय झालं होतं तर सोड्याची गोणी ओली झाली म्हणून कुणीतरी पोती अदलाबदल केली होती आणि मी सोडा म्हणून बादल्या भरभरून मीठच ओतत होतो.

तुम्ही आलात, चिमूटभर हातात घेऊन बघितलंत, तेलुगूत हेल्परला काहीतरी म्हणालात (तो अजून सांगत नाही काय ते) आणि मग मला, "काय बे, सुताला खारवून लोणचं घालालास काय?"

एवढंच, ओरडला नाहीत. मीठ डबल झाल्यामुळे रंग सुतावर धाडकन चढला होता, लडीला पट्टे पडले होते, लॉट गेल्यात जमा होता. मालकाला तुम्ही "शेड बसली नाही, काळ्या रंगात घेतो" इतकंच सांगितलंत, माझं नावसुद्धा काढलं नाहीत. पहिला पगार पण हातात आला नव्हता माझा, तुम्हाला माहीत होतं ते.

पण थँक्यू खरं त्याच्यासाठी नाही, पहाटे चार वाजता कँटीनचे चार चहाचे ग्लास धुऊन तुम्ही जे मांडलंत त्याच्यासाठी आहे. एकात मीठ, एकात सोडा, एकात नवसागर म्हणजे अमोनियम क्लोराइड (कल्हईवाल्याचा, मधल्या मारुतीजवळून आणलेला पुडा तुमच्या कपाटात कशाला होता हे मी आजपर्यंत विचारलं नाही) आणि एकात दाढीची तुरटी. चारही ग्लासांत आपलं आरओचं पाणी. कागद बुडवले. मीठ तसंच्या तसं, सोडा निळा-जांभळा, नवसागर पिवळट, तुरटी सरळ केशरी.

मग म्हणालात, आता पोलिसासारखा विचार कर. सोडियम मिठात पण आहे आणि सोड्यात पण आहे, मिठात काही झालं नाही, म्हणजे सोडियम सुटला. क्लोराइड मिठात पण आहे आणि नवसागरात पण आहे, म्हणजे तो पण सुटला. मग सोड्यात गुन्हा केला कुणी? कार्बोनेटनं. नवसागरात? अमोनियमनं.

मास्तर, मी तीन वर्षं "स्ट्राँग अ‍ॅसिड आणि स्ट्राँग बेसचं सॉल्ट न्यूट्रल असतं" हे वाक्य दोन मार्कांसाठी लिहीत आलो होतो आणि त्याचा अर्थ मला त्या दिवशी पहाटे कळला, हे लिहायला लाज वाटते पण खरं आहे.

तुम्ही सांगितलेलं अजून कानात आहे. पीएच फक्त हायड्रोजन आयन मोजतो, बाकी कोण किती आलंय त्याच्याशी त्याला देणंघेणं नाही. पाण्याचे रेणू आपसात थोडे तुटत-जुळत असतात, त्यात हायड्रोजन आणि हायड्रॉक्साइड सारखेच, म्हणून ७. आता बाहेरून आलेल्यानं पाण्याकडून हायड्रोजन हिसकावला तर मागे हायड्रॉक्साइड उरतो आणि पीएच चढतो, स्वतःकडचा हायड्रोजन पाण्याला दिला तर उतरतो. दोन्हीपैकी काहीच केलं नाही तर पीएच जागचा हलत नाही. हायड्रोक्लोरिक अ‍ॅसिडमधला क्लोराइड हायड्रोजन इतक्या सहज सोडतो की पाण्यात एकदा सोडलेला परत मागायला येतच नाही. "ज्याला द्यायला जड गेलं तोच परत मागतो, कार्बोनेट तसला चिकट," असं म्हणाला होता तुम्ही. आणि सोडियमवर एकच प्लस, आकारानं पण मोठा, त्याची पाण्यावर पकड ढिली, पाण्याचा हायड्रॉक्साइड धरून ठेवायची ताकदच नाही त्याच्यात. पोटॅशियमचं पण तेच, आणि नायट्रेटचं क्लोराइडसारखंच. तुरटीतला अ‍ॅल्युमिनियम मात्र छोटासा आणि वर तीन प्लस, तो भोवतीच्या पाण्याला असा ओढतो की पाण्यालाच हायड्रोजन सोडावा लागतो, म्हणून तुरटीचा अ‍ॅल्युमिनियम जवळजवळ व्हिनेगरमधल्या अ‍ॅसिडइतका आंबट निघतो. दाढीनंतर तुरटी लावताना मला आता दर वेळी हे आठवतं, काय करणार.

नंतर घरी येऊन हिशोब केला. लिटरला ६० ग्रॅम मीठ म्हणजे साधारण एक मोल (मोल म्हणजे कणांची एक ठरलेली संख्या, डझनसारखी). शुद्ध पाण्यात हायड्रोजन आयन १०⁻⁷ मोल. म्हणजे एका हायड्रोजनमागे एक कोटी सोडियम आणि एक कोटी क्लोराइड! आणि तरी कागद हिरवा. गड्ड्याच्या यात्रेत एवढी गर्दी नसते. (आपलं बोअरचं पाणी ७ नसतं, त्यात बायकार्बोनेट असतो म्हणून ते पावणेआठच्या आसपास दाखवतं, मीठ टाकलं तरी तिथंच. मीटरला भरपूर मिठात थोडं इकडंतिकडं होतं, ते वेगळं.)

त्यावर मी शहाणपणा केला होता, "म्हणजे मीठ काहीच करत नाही." तेव्हा मात्र चिडला होता तुम्ही. "काही करत नाही तर पट्टे कुणी पाडले लगा?" बरोबर होतं. पाण्यात कापसावर थोडा मायनस चार्ज येतो, आपला रिअ‍ॅक्टिव्ह रंग पण मायनस, दोघं एकमेकांना लांब ढकलतात, सोडियमची गर्दी मधे उभी राहून ते ढकलणं कमी करते आणि रंग सुताजवळ जातो. मग सोडा येतो, कापसाचा हायड्रोजन काढून घेतो, आणि रंग पक्का जोडला जातो. मीठ नसेल तर रंग पाण्यातच राहतो आणि सोडा नसेल तर धुण्यात निघून जातो. पीएचच्या खात्यात शून्य असलेला माणूस दुसऱ्या खात्यात दिवसभर राबत असतो, कॉलेजच्या वहीत मी त्याला "प्रेक्षक आयन" म्हणून खोडून टाकायचो.

आता दोन्ही गोण्या वेगळ्या खोलीत असतात, तरी मी चिमूट ग्लासात टाकून कागद बुडवतोच. तुमच्या ड्रॉवरमधली कागदाची पुस्तिका मीच ढापली होती, चार पट्ट्या शिल्लक आहेत.

आणि एक भांडण बाकी आहे. तुम्ही म्हणायचा ग्लॉबर सॉल्ट (सोडियम सल्फेट) पण मिठासारखंच, पीएचला हात लावत नाही. तसं पूर्ण नाहीये मास्तर. सल्फेट थोडा चिकट आहे, बायसल्फेट (हायड्रोजन धरलेला सल्फेट) काही एवढा स्ट्राँग अ‍ॅसिड नाही, शुद्ध पाण्यात ०.१ मोलरला (लिटरला ०.१ मोल) कागदावर हिशोब केला तर पीएच ७.४ ते ७.५ येतो. आपल्या पट्टीवर दिसणार नाही, पण आहे. रविवारी कडक भाकरी आणि शेंगा चटणी घेऊन घरी येतोय, वही पण आणतो.

तुमचा,
लोणचंवाला