एसएसडी व हार्ड डिस्कच्या चुकीच्या जोडणीबाबत तक्रार

प्रति,
व्यवस्थापक, ग्राहक सेवा विभाग

महोदय,

मिरजेत माझा फोटो स्टुडिओ आहे. तिथल्या डेस्कटॉपसाठी तुमच्याकडून 480 जीबीची साटा एसएसडी (म्हणजे साटा केबलने जोडायची, चिपवर डेटा ठेवणारी वेगवान डिस्क) आणि 4 टीबीची हार्ड डिस्क घेतली, बसवून देण्याचे पैसे वेगळे मोजले. सांगणं सोपं होतं: विंडोज 10 एसएसडीवर, लग्नांचे फोटो-व्हिडिओ हार्ड डिस्कवर. तुमच्या इंजिनिअरने काम आटोपून जॉब शीटवर सही घेतली. मशीन झटकन सुरू होत होतं, त्यामुळे शंका यायचं कारण नव्हतं.

ऐन लग्नसराईत एक अल्बम दुसऱ्या मशीनवर घ्यायचा म्हणून हार्ड डिस्क काढली, आणि काळ्या पडद्यावर ओळ आली, ‘रीबूट अँड सिलेक्ट प्रॉपर बूट डिव्हाइस’, म्हणजे मशीन सुरू करणारी डिस्कच सापडेना. डिस्क परत जोडली की सगळं सुरळीत. विंडोजमधलं डिस्क मॅनेजमेंट उघडून पाहिलं. सी ड्राइव्ह एसएसडीवर आहे खरा, पण ‘सिस्टिम’ आणि ‘अ‍ॅक्टिव्ह’ हे शेरे हार्ड डिस्कवरच्या एका छोट्या पार्टिशनपुढे (डिस्कच्या भागापुढे) आहेत. म्हणजे विंडोज एकीवर आणि ते सुरू करणाऱ्या फाइली दुसरीवर! हार्ड डिस्क पहिल्या नंबरला ठेवून, आधी तिचं पार्टिशन पाडून मग विंडोज टाकलं की हेच होतं. एसएसडी एकटी जोडून इन्स्टॉल करायचं, हार्ड डिस्क मागाहून लावायची, एवढंही तुमच्या माणसाने पाहिलं नाही. उद्या हार्ड डिस्क गेली तर एसएसडी धडधाकट असूनही स्टुडिओ बंद.

शिवाय त्याच हार्ड डिस्कवर वापरायला 2048 जीबीच मिळतात. पुढे काळी पट्टी, ‘अनअ‍ॅलोकेटेड’ म्हणजे न वाटलेली जागा, सुमारे 1678 जीबी. राइट क्लिक केलं तर नवा व्हॉल्यूम करायचा पर्याय फिकट, दाबलाच जात नाही. (4 टीबीचे विंडोजमध्ये 3.63 दिसतात, ते मला ठाऊक आहे. त्याबद्दल तक्रार नाही.) बायोस (मशीन सुरू करणारी मूळ प्रणाली) लेगसी म्हणजे जुन्या मोडवर ठेवून डिस्क एमबीआर या जुन्या पद्धतीने विभागली आणि एमबीआरची धाव 2 टीबीपर्यंतच. याच लेगसी मोडमुळे विंडोज 11 चंही दार बंद, आणि 10 चा सर्वसाधारण सपोर्ट 14 ऑक्टोबर 2025 रोजी संपला.

हेल्पलाइनवर सल्ला मिळाला, ‘मास्टर-स्लेव्हचा जंपर बघा.’ (जंपर म्हणजे कोणती डिस्क मुख्य, कोणती दुय्यम हे ठरवणारी डिस्कवरची छोटी पिन.) अहो, एकाच रुंद आयडीई (जुन्या प्रकारच्या) केबलवर दोन डिस्क लटकायच्या तेव्हाची ही गोष्ट. साटाला प्रत्येक डिस्कची केबल वेगळी, मास्टर कोण आणि स्लेव्ह कोण? मग म्हणे बूट ऑर्डर, म्हणजे मशीन कोणत्या डिस्कवरून आधी सुरू व्हावं तो क्रम, बदला. एसएसडीवर बूट फाइलीच नाहीत, तर क्रम बदलून काय उपयोग? शेवटी ‘फॉरमॅट मारा, डेटाची जबाबदारी आमची नाही’.

फॉरमॅट करावंच लागेल, पण ते तुम्ही करायचं आणि डेटा सांभाळून. आधी सगळा डेटा दुसऱ्या डिस्कवर घ्यावा. ती डिस्क तुमच्या माणसाने आणावी, माझ्याकडे तेवढी जागा असती तर ही खरेदीच केली नसती. मग यूईएफआय या नव्या मोडमध्ये, फक्त एसएसडी जोडून विंडोज टाकावं आणि हार्ड डिस्क जीपीटी या नव्या पद्धतीने विभागून पूर्ण क्षमतेने द्यावी. हार्ड डिस्क काढून मशीन सुरू होतं हे माझ्यासमोर दाखवल्याशिवाय मी सही करणार नाही. घेतलेला सर्व्हिस चार्जही परत हवा.

पत्र मिळाल्यापासून पंधरा दिवसांत काम न झाल्यास ग्राहक संरक्षण कायदा 2019 नुसार सेवेतील त्रुटीबद्दल जिल्हा ग्राहक आयोगाकडे तक्रार करेन.

सोबत: बिल व जॉब शीटची प्रत, स्क्रीनचे फोटो.

आपला,
एक ग्राहक, मिरज