जुना टब का नको

कॅलगरी (कॅनडा),
१४ सप्टेंबर

ती. बाबांस,
सा. न. वि. वि.

परवा फोनवर आमच्या हॉट टबाबद्दल, म्हणजे घराबाहेर ठेवायच्या गरम पाण्याच्या टबाबद्दल, तुम्ही विचारलंत, "अर्ध्या किमतीत जुना चालू टब मिळतोय, तर नवा कशाला?" स्कूटर असो की विहिरीवरचा पंप, तुम्ही नेहमी जुनीच वस्तू पारखून घेतलीत आणि वर्षानुवर्षं चालवलीत. त्यामुळे उत्तर नीट द्यायला हवं. फोनवर ते जमलं नाही, म्हणून लिहायला बसले.

आधी पैशांचं. चारजणांच्या नव्या टबाला आम्हाला ९,००० डॉलर सांगितलेत. जुने २,५०० ते ४,००० पर्यंत मिळतात. पण टब कुठलाही आणा, खालचा काँक्रीटचा ओटा आणि विजेची लाइन करावीच लागते. टबात १,२०० लिटर पाणी मावतं, म्हणजे नुसत्या पाण्याचं वजन १,२०० किलो. वर टब आणि माणसं. आमच्या लाकडी डेकवर ते ठेवायची माझी छाती नाही. लाइन २४० व्होल्टची, ५० अँपिअरचा स्वतंत्र ब्रेकर, आणि तो तुमच्या ईएलसीबीसारखा करंटची गळती झाली की तुटणारा. तार तांब्याची ६ गेज, आपल्या मापात १३ चौरस मिलिमीटरच्या आसपास. हे सगळं परवाना काढून करायचं. शिवाय नवा टब दुकानदार आणून बसवून देतो, जुन्याच्या वाहतुकीचे पैसे आपले आपण. म्हणजे अर्धी किंमत काही अर्धी राहत नाही.

तरी आम्ही दोन जुने टब बघून आलो.

पहिल्याच्या झाकणापाशीच मला शंका आली. झाकणात फोमचे जाड ठोकळे प्लास्टिकमध्ये गुंडाळलेले असतात. प्लास्टिक फाटलं की वाफ आत जाते आणि फोम पाणी धरतो. एकट्या माणसाने सहज उलटावं ते झाकण समीरने आणि मी मिळून जेमतेम बाजूला केलं. मग मी बाजूची फळी उघडायला लावली. पंपामागच्या कोपऱ्यातला, ऊब टिकवायला टबाच्या आत भरलेला फोम तपकिरी पडला होता, बोटाने दाबला तर पाणी सुटलं. मालक म्हणाले, पावसाचं असेल. पण टब गेल्या हिवाळ्यात रिकामा करून तसाच ठेवलेला. इथे उणे २५ सहज होतं. पाइपांत थोडं जरी पाणी राहिलं तरी ते गोठून फुगतं आणि सांधे तडकतात. हे पाइप त्या फोममध्येच गाडलेले असतात, त्यामुळे गळती शोधायची तर फोम कोरत बसायचं. कोरड्या टबात यातलं काहीच दिसत नाही. म्हणून इथले जाणकार सांगतात की जुना टब भरलेला, तापलेला आणि चालू असतानाच बघावा.

दुसरा टब असा भरलेला आणि चालूच होता. पाणी ३९ अंशांवर, जेटमधून पाण्याचे झोत जोरात, तासभर थांबलो तरी पातळी हलली नाही. खरं सांगते, मन तिथे अडकलं. मालकांनी फार निगुतीने वापरलाय. पण टब १२ वर्षांचा, आणि त्याचं कंट्रोल बोर्ड आता बनत नाही. पंप जळला तर दुसरा बसवता येईल. बोर्ड गेलं तर ऐन जानेवारीत हीटर आणि पंप दोन्ही बंद, आणि पुढच्या काही दिवसांत आतलं पाणी गोठायला लागणार. पुण्यात असते तर मी हाच टब घेतला असता. इथल्या थंडीत नाही.

तेव्हा नवाच घेतोय, पण चारजणांचाच. पंप आणि हीटरवर वॉरंटी आहे, आणि दुरुस्तीचा माणूस याच गावातला, हे मी आधी विचारून घेतलं.

तुम्हाला आवडेल अशी एक गोष्ट. या टबांना लोक सरसकट जाकुझी म्हणतात ना, ते जाकुझी म्हणजे मूळचे इटलीतून कॅलिफोर्नियात आलेले भाऊ, आणि त्यांचा धंदा पंपांचा! विहिरीचे जेट पंप करायचे. त्यातल्या कँडिडो यांच्या लहान मुलाला संधिवात झाला. दवाखान्यात पाण्याच्या उपचाराने त्याला आराम पडायचा, तो घरीही मिळावा म्हणून वडिलांनी बाथटबात सोडता येईल असा पंप केला. १९५६ मध्ये तो बाजारातही आला.

आमच्याही घरात कारण दुखण्याचंच आहे. समीरची कंबर हिवाळ्यात धरते, आणि तुम्ही दोघं येणार ते डिसेंबरात. आईच्या गुडघ्यांना राजापूरजवळच्या उन्हाळे गावातल्या गरम पाण्याच्या झऱ्यात किती बरं वाटतं ते मी लहानपणापासून बघतेय. फक्त तिच्या बीपीच्या गोळ्या चालू आहेत, म्हणून येण्याआधी डॉक्टरांना विचारून घ्या. टबाची कमाल मर्यादा ४० अंश असते, आपण ३७ वर ठेवू आणि दहा मिनिटांपेक्षा जास्त बसू द्यायचं नाही. तुमच्याही शुगरचं त्याच खेपेत विचारा.

आणखी एक. मुख्य पॅनेलपासून ओट्यापर्यंत १८ मीटर अंतर आहे. एवढ्या लांबीला ६ गेज पुरेल ना, की व्होल्टेज ड्रॉप (लांब तारेत व्होल्टेज थोडं घटतं ते) धरून वरची, म्हणजे जाड घ्यावी? वायरमन पुरेल म्हणतोय, पण मला तुमचं मत हवंय. तो २८ तारखेला येणार आहे, त्याआधी कळवा.

आईला सा. न., चिनूला आशीर्वाद.

तुमची,
मंजू