काकूंच्या कॅप्सूलबद्दल

सातारा, १२ जुलै

प्रिय विन्या,

डब्याचा फोटो मिळाला. फोनवर अर्धवट सांगून घोळ झाला असता, म्हणून सविस्तर लिहितोय. आधी उत्तर: काकूंना त्या ग्रीन टीच्या कॅप्सूल देऊ नकोस. माझ्या दुकानात तसल्याच डब्यांची रांग लागली आहे, तरी सांगतोय.

ग्रीन टी कॅन्सरवर चालते, हे डब्यावरचं सगळंच खोटं नाही रे. चहाच्या पानात कॅटेचिनं नावाची नैसर्गिक रसायनं असतात, ग्रीन टीत त्यातलं मुख्य ईजीसीजी. (आपल्या काळ्या चहात पानं मळून हवेवर ठेवताना त्यांची बरीचशी थिअफ्लेविनं वगैरे दुसरी रसायनं होऊन जातात.) प्रयोगशाळेत कॅन्सरच्या पेशींवर ईजीसीजी घातलं की त्यांची वाढ खुंटते, पुष्कळ मरतातही. पण बहुतेक प्रयोगांत ते जेवढं घालतात, त्याच्या दशांशही दोन-चार कप चहा पिऊन रक्तात उतरत नाही. त्यात आणखी एक गोम आहे. पेशी ज्या द्रावात वाढवतात, त्यातच ईजीसीजीपासून हायड्रोजन पेरॉक्साइड तयार होतं. मग पेशी चहाने मेल्या की पेरॉक्साइडने? क्रिकेटमध्ये गुडघे फोडून घ्यायचो तेव्हा फसफसायचं, तेच हे पेरॉक्साइड.

खरी भीती वेगळीच आहे. मायलोमासाठी, म्हणजे त्या रक्ताच्या कॅन्सरसाठी, काकूंना बोर्टेझोमिब हे औषध चालू आहे ना? त्याच्या रेणूत बोरॉन असतो आणि ईजीसीजी नेमकं तिथेच जाऊन चिकटतं. औषधाचा जोर वाढेल या आशेने अमेरिकेतल्या संशोधकांनी दोन्ही एकत्र देऊन पाहिलं, तर पेशींत आणि उंदरांत औषधच निकामी झालं. हे २००९ साली छापून आलंय. माणसांवरचा प्रयोग नव्हे, कबूल. पण तो काकूंवर कशाला करायचा?

शिवाय रोज ८०० मिलिग्रॅम किंवा जास्त ईजीसीजी गोळ्यांतून घेतलं तर यकृताला त्रास होऊ शकतो, असं युरोपच्या अन्नसुरक्षा संस्थेने २०१८ मध्ये सांगितलंय. तुझ्या फोटोत मिलिग्रॅमचा आकडाच दिसत नाही. मागची बाजू पाठव.

एखादी कॅप्सूल दिली गेली असेल तर कधी, किती, ते डॉक्टरांना सांग. ओरडतील म्हणून लपवू नकोस. घरचा चहा किती चालेल तेही त्यांनाच विचार. आणि काकू आधणासारखा कडकडीत पितात तो मात्र निवू दे. ६५ अंशांवरची पेयं अन्ननलिकेला घातक असावीत, असं जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संस्थेचं मत आहे.

रविवारी दुपारी येतो. डबा फेकू नकोस, मला बघायचाय.

तुझा,
बंड्या