बिट वळतो, पण त्याला आपली पाइप दिसत नाही

महोदय,

आमच्या कॉलनीत फायबर केबल टाकताना ठेकेदाराच्या माणसांनी जमिनीखालून आडवं भोक पाडणाऱ्या ड्रिलने पाण्याची लाइन फोडली. जालन्यात नळाची वाट किती पाहावी लागते, हे तुमच्या वाचकांना सांगायला नको. आलेलं पाणी नालीत गेलं.

दोष यंत्राचा नाही. मी बोअरच्या गाडीवर आयुष्य काढलंय, म्हणून जवळ उभं राहून पाहिलं. रॉडच्या टोकाला भोक पाडणारा बिट असतो. या बिटचं तोंड पाचरीसारखं एका बाजूनं तिरकं असतं. रॉड फिरवत ढकलला की बिट सरळ जातो. फिरवणं थांबवून नुसता रेटला की तिरक्या तोंडाच्या अंगानं वळतो. बिटमागच्या ट्रान्समीटरमुळं वर रिसीव्हर धरून चालणाऱ्या पोराला खोली, चढउतार आणि तोंडाची दिशा कळते. रस्ता न उकरता काम होतं, हे चांगलंच. पण मुरमातून अचानक काळा पाषाण लागला तर बिट दिशा सोडतो. आणि रिसीव्हर फक्त स्वतःचा बिट दाखवतो, आपली पाइप नाही! ती आधी हातानं खड्डा घेऊन डोळ्यांनी पाहावी लागते. लाइन कुठून गेलीय हे जुन्या वॉलमनला तोंडपाठ; त्याला कुणी विचारलंच नाही.

केंद्र सरकारनं मार्च २०२३ मध्ये 'कॉल बिफोर यू डिग' हे खोदण्याआधी लाइनवाल्यांना कळवायचं अ‍ॅप आणलं ते यासाठीच. त्यावरची नोंद आणि तपासणीचे खड्डे पाहिल्याशिवाय खोदाईची परवानगी देऊ नये. लाइन फुटलीच तर खर्च ठेकेदाराच्या अनामत रकमेतून वळता करावा.

– एक जुना बोअरवाला, जालना