खोली आणि ताट

बीड जिल्हा,
२० सप्टेंबर

प्रिय गड्या,

सप्रेम नमस्कार. हे फोनवर सांगता आलं असतं, पण फोनवर मी निम्म्यात गप्प होतो हे तुला ठाऊक आहे. म्हणून लिहितोय.

उन्हाळ्यात तुला एका मुलीबद्दल बोललो होतो. ऊसतोड कामगाराची पोर, बारावीला गणितात सगळ्यांच्या पुढे. तिला कॅपच्या, म्हणजे सरकारी केंद्रीय प्रवेशाच्या, दुसऱ्या फेरीत पुण्यात कॉम्प्युटर इंजिनिअरिंग लागलं. बाप पेढे घेऊन घरी आला, माझ्या आईच्या पाया पडला. आठ दिवसांनी तोच बाप दारात उभा. आत यायला तयार नाही. म्हणाला, "सर, हितंच बीएस्सीला टाकतो."

फीचा प्रश्नच नव्हता. आठ लाखांच्या आत उत्पन्न असलेल्या घरातल्या मुलींना व्यावसायिक अभ्यासक्रमाचं शिक्षणशुल्क आणि परीक्षाशुल्क माफ, असा निर्णय २०२४ मध्ये झाला. फार मोलाचा निर्णय आहे तो. पण बापाच्या हातात वहीचा कागद होता. खोलीचं डिपॉझिट, महिन्याचं भाडं, मेस, गादी, येण्याजाण्याची तिकिटं. वसतिगृहाच्या यादीत तिचं नाव लागलं नव्हतं. टोळी नेणाऱ्या मुकादमाची मागची बाकीच फिटली नव्हती, नवी उचल, म्हणजे हंगामाआधीची आगाऊ रक्कम, कोण देणार? मी तो कागद दोनदा वाचला. एकही रक्कम फुगवलेली नव्हती.

तेव्हापासून एकच गोष्ट डोक्यात फिरतेय. आपण जागा वाढवल्या, खोली आणि ताट मोजलंच नाही.

मी इतिहास शिकवतो, म्हणून मागे जाऊन बघतो. आपला मराठवाडा निजामाच्या राज्यात होता, पदवीसाठी हैदराबाद गाठावं लागायचं, तिथल्या विद्यापीठाचं माध्यम उर्दू. बाबासाहेबांनी १९५० मध्ये औरंगाबादला मिलिंद महाविद्यालय काढलं, १९५८ मध्ये विद्यापीठ आलं. मग १९८३ मध्ये वसंतदादांच्या सरकारनं विनाअनुदानित इंजिनिअरिंग कॉलेजांना परवानगी दिली आणि बघता बघता तालुक्यातालुक्याला बोर्ड लागले. आपल्या वाडवडिलांपैकी कुणाला न मिळालेलं आपल्याला मिळालं, हे मी कधीच नाकारणार नाही.

पण त्याआधीची माणसं बघ. शाहू महाराजांनी १९०१ पासून कोल्हापुरात बोर्डिंगं उभी केली. कर्मवीर भाऊराव पाटलांनी १९२४ मध्ये साताऱ्यात बोर्डिंग काढलं, आणि पोरांच्या जेवणासाठी त्यांच्या पत्नी लक्ष्मीबाईंनी मंगळसूत्र मोडलं. बाबासाहेबांच्या बहिष्कृत हितकारिणी सभेनं १९२५ मध्ये सोलापुरात वसतिगृह सुरू केलं. पोर झोपेल कुठं आणि खाईल काय, हे त्यांनी आधी विचारलं. गरिबी जवळून पाहिलेल्या माणसालाच हा प्रश्न पहिला सुचतो.

२०२१-२२ च्या सरकारी पाहणीत देशात ४ कोटी ३३ लाख विद्यार्थी उच्च शिक्षणात होते. १८ ते २३ वयाच्या लोकसंख्येशी नोंदणीचं प्रमाण एकूण २८.४ टक्के, अनुसूचित जातींत २५.९, जमातींत २१.२. अंतर कमी होतंय, मला त्याचा आनंद आहे. पण हा आकडा नाव नोंदवलेल्यांचा. माझ्या बीएच्या वर्गात साठ नावं आहेत. दिवाळीनंतर पंधरा-वीस पोरं कोयत्यावर, म्हणजे ऊसतोडीला, जातात, ती थेट परीक्षेला उगवतात. तीही त्याच आकड्यात. पदवी त्यांनाही मिळते, पण ज्याच्या बापानं लाखो रुपये भरून खासगी विद्यापीठात घातलंय त्याची पदवी आणि ही पदवी, नोकरीच्या दारात दोन्ही एका भावानं विकली जात नाहीत. शिकवणारेही माझ्यासारखे. अकरा वर्षं तासिका तत्त्वावर, वर्ष संपलं की नेमणूक संपली. विभागात पूर्णवेळ माणूस एकच. मला स्वतःसाठी वाईट वाटतं त्याहून जास्त त्या साठ पोरांसाठी वाटतं, कारण त्यांच्यासाठी दुसरं कॉलेज नाही.

तुझी खोली आठवते का रे? तुला वसतिगृह मिळालं होतं आणि मी तुझा पॅरासाइट, तुझ्या खोलीत चोरून राहणारा. दोन वर्षं एका कॉटवर उलटसुलट झोपलो. रेक्टर आले की मी गच्चीवर. मेसचं ताट एक, पोळ्या तू जास्त मागून घ्यायचास. माझं एमए त्या ताटावर झालं, प्राध्यापकीची सेट परीक्षाही त्याच खोलीत निघाली. मी हे तुला कधी नीट बोललो नाही. माझ्या शिक्षणाला सरकारची शिष्यवृत्ती लागली तशीच तुझी अर्धी कॉटही लागली.

म्हणून आता मागतोय. आपल्या गावचे दहा-बारा जण पुण्यात कमावते आहेत. सगळ्यांनी मिळून मुलींसाठी दोन खोल्या भाड्यानं घेऊ या. स्वयंपाकाला एक बाई, आणि वहिनींसारखं कुणीतरी अधूनमधून डोकावणारं. पहिल्या वर्षी चार मुली पुरेत. माझ्याकडून महिन्याला जमेल ते नक्की देईन.

ती पोर बीएस्सी करता करता पुन्हा सीईटी देणार म्हणते. बाप मात्र गप्प आहे. तू येऊन बोललास तर ऐकेल, तुझ्या शब्दाला त्याच्याकडे किंमत आहे. दिवाळीची वाट बघू नकोस. दसऱ्यानंतर टोळ्या निघायला लागतील, त्याआधी एका रविवारी ये.

आई तुझी आठवण काढते. वहिनींना नमस्कार, पोरांना आशीर्वाद.

तुझाच,
कॉटवरचा भागीदार